फेलोशिपच्या अर्जात स्वतःची ओळख आणि संशोधनातली आवड कशी लिहावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगोला तालुक्यातल्या एका गावची मुलगी सोलापुरात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. उन्हाळी संशोधन फेलोशिपचा अर्ज भरायचाय आणि त्यात स्वतःचा परिचय आणि संशोधनातली आवड २५० शब्दांत लिहायची आहे. ती लिहिते, "मॅडम, प्रॅक्टिकल सोडून मी काहीच केलेलं नाही. घरी डाळिंबाची बाग, संशोधनाचं वातावरण नाही. बारावीपर्यंत कला-वाणिज्यवाल्यांसारखं सगळं मराठीतच बोललो. आवड म्हणून काय तर लिहिलं तर खोटं वाटतंय ओ. काय लिहू?"

खोटं वाटतंय तर लिहू नकोस. वाचणाऱ्यालाही ते खोटंच वाटतं, आणि ते कळायला त्याला फार वेळ लागत नाही.

मी पदवीच्या मुलांना मायक्रोबायोलॉजी शिकवते, आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेच्या फेऱ्यांना परीक्षक म्हणून बसते आणि उन्हाळी कामासाठी येणारे अर्ज चाळायचं कामही बरीच वर्षं माझ्याकडे आहे. चाळायचं म्हणजे खरोखर चाळायचं. एका बैठकीत गठ्ठा संपवायचा असतो. पहिल्या तीन-चार ओळींत काही हाताला लागलं तर माणूस पुढे वाचतो. नाहीतर टक्के बघतो आणि पुढचा कागद उचलतो. ज्यांचे टक्के नव्वदच्या पुढे आहेत त्यांचं त्यावरही भागतं. बाकीच्यांची सगळी मदार या एका परिच्छेदावर.

बहुतेक अर्ज कसे सुरू होतात ते सांगते. "मी अमुक, अमुक महाविद्यालयात शिकते. मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे. मी मेहनती आणि जिज्ञासू आहे. मला कॅन्सर बायोलॉजी, नॅनोटेक्नॉलॉजी, बायोइन्फर्मॅटिक्स आणि इम्युनॉलॉजी या क्षेत्रांत रस आहे." नाव, कॉलेज, टक्के हे फॉर्मच्या वरच्या रकान्यांत आलेलंच असतं. मेहनती सगळेच असतात, आणि लहानपणापासूनची आवड तर गठ्ठ्यातल्या प्रत्येकालाच असते. चार क्षेत्रांची नावं सिलॅबसमधून उतरवलेली असतात हे आम्हाला कळतं, कारण सिलॅबस आम्हीच शिकवतो. अलीकडे त्यात चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेल्या परिच्छेदांची भर पडली आहे. इंग्रजी गुळगुळीत, दर दोन ओळींनी 'पॅशनेट' आणि 'कटिंग एज', आणि सात-आठ अर्ज एकापाठोपाठ एक सख्ख्या भावंडांसारखे निघतात. व्याकरण कुणाकडूनही तपासून घे, माझी हरकत नाही. आत जे सांगायचंय ते मात्र तुझंच पाहिजे, कारण मुलाखतीत त्यावरच बोलावं लागतं आणि तिथे फोन खिशात ठेवायला सांगतात.

मग वाचणारा शोधत काय असतो? जो शास्त्रज्ञ तुला दोन महिने आपल्या प्रयोगशाळेत घेणार, त्याला एवढंच बघायचं असतं की या मुलीने काही नीट पाहिलंय का, पाहिलेलं आणि ऐकलेलं ती वेगळं ठेवते का, आणि हिला पुढचा प्रश्न विचारावासा वाटतोय का. यातलं तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. परिच्छेद वाचून मनात "बरं, मग हे मोजणार कसं?" असं आलं की तो अर्ज मी बाजूला काढून ठेवते. आवड लिहायची म्हणजे आपण कुठल्या गोष्टीपाशी अडलो, थांबलो, ते लिहायचं. एकच गोष्ट, पण अशी मांडायची की समोरच्याने पुढचं विचारावं.

तुझ्याकडे ती गोष्ट आहे. डाळिंबाची बाग आहे असं तू लिहिलंस आणि त्याच दमात घरी संशोधनाचं वातावरण नाही असंही लिहिलंस. मला हसू आलं. सांगोल्यात डाळिंबाच्या बागेत वाढलेल्या मुलीने तेल्या पाहिलेला नाही असं होणारच नाही. आणि तेल्या हा जिवाणूजन्य रोग. झॅन्थोमोनास या जिवाणूचा, म्हणजे थेट तुझ्या विषयातला. कॅन्सर बायोलॉजीपर्यंत जायचंच कशाला, निदान या अर्जात तरी?

जरा तपशिलात जाऊ. तेल्याचा ठिपका असलेलं पान उन्हाकडे धरलंस तर ठिपक्याभोवती तेलकट, पाणी मुरल्यासारखं कडं दिसतं. फळावरचा डाग वाढला की त्यावर इंग्रजी एल किंवा वाय अक्षराच्या आकाराची भेग पडते. एवढं तुझे वडील लांबून ओळखतात. तुला कॉलेजात याच्या पुढे जाता येतं. ठिपक्याच्या कडेचा बारीक तुकडा ब्लेडने काप, स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेव, वर कव्हरस्लिप टाक आणि लो पॉवरवर कापलेली कड बघ. ठिपका जिवाणूचा असेल तर थोड्या वेळात त्या कडेतून गढूळ लोट पाण्यात सुटताना दिसतो. बुरशीच्या ठिपक्यात तो दिसत नाही. साध्या मायक्रोस्कोपवर होणारं पाच-दहा मिनिटांचं काम आहे. दुसरा तुकडा वरून निर्जंतुक करून, थेंबभर निर्जंतुक पाण्यात चुरून न्यूट्रिएंट अगर या वाढीच्या माध्यमावर स्ट्रीक केलास, म्हणजे रेघा ओढून पसरवलास, तर तीनेक दिवसांत पिवळ्या, चिकट, चकाकणाऱ्या कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे पुंजके, येतात. पिवळं दिसलं म्हणजे तेल्याच असं मात्र लिहू नकोस. पानांवर निरुपद्रवी पिवळे जिवाणूही राहतात, त्यामुळे निरोगी रोपावर रोग परत उठवून दाखवल्याशिवाय खात्री म्हणता येत नाही. कॉखचे नियम तू परीक्षेत पाठ करून लिहिले असशील; ते कामाला येतात ते इथे. (आणि रोगट पानं पिशवीत घालून दुसऱ्याच्या बागेतून फिरू नकोस. काम झालं की प्लेटा ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या. हे सांगावं लागतं, म्हणून सांगते.)

तरीही "मला तेल्या रोगात रस आहे" एवढ्याने भागत नाही. विषय अजून खाली आणायचा. बाग धरायचा क्रम डोळ्यासमोर आण. बहार धरायच्या आधी पाणी तोडून ताण देतात, मग पानगळ करतात, पाला खाली पडतो, आणि पाणी सोडलं की नवी फूट येते. त्या पडलेल्या पाल्यात तेल्याचे जिवाणू जिवंत राहतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून परत वर जातात, म्हणून पाला गोळा करून नष्ट करा असं शेतकऱ्यांना सांगतात. एवढं सर्वांना माहीत आहे. आता तू बागेत उभी राहून बघ. पाणी सोडल्यावर ठिबकच्या ड्रिपरखालचा पाला ओला असतो, दोन ओळींमधला पाला उन्हात कुरकुरीत वाळलेला असतो. दोन्ही ठिकाणी जिवाणू सारखेच टिकतात का? ओल्या पाल्यात जास्त दिवस टिकतात, की तिथे पाला कुजवणारे इतर जिवाणू त्यांना मागे टाकतात? यातलं काय खरं, ते मी इथे बसून सांगणार नाही. दर आठवड्याला दोन्हीकडून ठरावीक वजनाचा पाला आणायचा, डायल्यूशन करायचं, म्हणजे पाण्यात पायरीपायरीने पातळ करायचं, प्लेटवर पिवळ्या कॉलनी मोजायच्या. हे तुला सिरियल डायल्यूशनच्या प्रॅक्टिकलने शिकवलेलंच आहे. "प्रॅक्टिकल सोडून काही केलेलं नाही" म्हणालीस ना, तेच प्रॅक्टिकल.

आधी कुणी यावर काय केलंय ते शोधणं तुझंच काम. शोधताना एक लक्षात ठेव: या जिवाणूचं नाव जुन्या लेखांत झॅन्थोमोनास अ‍ॅक्सोनोपोडिस, पॅथोव्हार (ठरावीक पिकाला रोग करणारा उपप्रकार) प्युनिकी असं मिळेल, नव्या लेखांत झॅन्थोमोनास सिट्री, पॅथोव्हार प्युनिकी. दोन्ही नावं टाकून शोधलं नाहीस तर अर्धं काम दिसणारच नाही. आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ आपल्याच केगावला आहे, विद्यापीठही केगावलाच. पुणे रोडने येता-जाता पाटी सगळी मुलं वाचतात, फाटकातून आत गेलेला एखादाच भेटतो. विभागप्रमुखांचं पत्र घे, आधी वेळ मागून घे आणि जा. तिथे जाऊन आलेली मुलगी "मी केंद्रात जाऊन रोगाचे नमुने पाहिले" असं लिहू शकते. न गेलेल्या मुलीने ते लिहू नये.

आता परिच्छेद. तुला इंग्रजीत लिहायचाय, पण आधी असा मराठीत उतरव:

"आमची सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग आहे. पानगळ केल्यानंतर खाली पडलेला पाला गोळा करायला सांगतात, पण मजुरी परवडत नाही म्हणून आमच्याकडे तो बऱ्याचदा तसाच राहतो. ठिबकखालचा पाला ओला राहतो, ओळींमधला वाळतो. या दोन्हींत तेल्याचा जिवाणू किती दिवस जिवंत राहतो, हा मला पडलेला प्रश्न आहे. ठिपक्याच्या कडेतून जिवाणू बाहेर येताना मी कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली पाहिले आहेत आणि पिवळ्या कॉलनी वेगळ्या केल्या आहेत. त्या झॅन्थोमोनासच्याच आहेत याची खात्री मी अजून केलेली नाही. ती खात्री रेणवीय पद्धतीने कशी करतात ते मला शिकायचं आहे. सिरियल डायल्यूशन, स्ट्रीकिंग आणि ग्रॅम स्टेनिंग मी स्वतः करू शकते. पीसीआर फक्त पाहिला आहे."

अर्थात यातलं जे तू प्रत्यक्ष करशील तेवढंच ठेवायचं. स्लाइड बघितली नाहीस तर ते वाक्य काढून टाक आणि प्रश्नावर थांब. अर्ज भरायला अजून चार दिवस असतील तर मात्र स्लाइड बघूनच घे.

हा परिच्छेद माझ्यासमोर आला तर मी काय विचारीन? पाला किती ग्रॅम घेणार. कॉलनी मोजताना इतर पिवळे जिवाणू कसे वगळणार. एकाच बागेतून नमुने घेतले तर निष्कर्ष कितपत धरायचा. एकही कॉलनी आली नाही तर जिवाणू मेले म्हणायचे, की आपली पद्धतच चुकली? ही उत्तरं तुला आज येत नसली तरी चालेल. "माहीत नाही, पण निरोगी पाल्यात मुद्दाम जिवाणू मिसळून बघता येईल, ते परत मिळाले तर पद्धत बरोबर" असं एक जरी तुझ्या तोंडून आलं तरी मी लिहून ठेवीन की हिला घ्यावं. "पीसीआर फक्त पाहिला आहे" या वाक्यालाही गुण आहेत. बहुतेक मुलं बघितलेली सगळी यंत्रं येतात म्हणून लिहितात आणि पहिल्याच प्रश्नाला बसतात.

"तेल्यावर कायमचा उपाय शोधायचा आहे" असलं मात्र लिहू नकोस. पदवीच्या मुलीला दोन महिने मिळतात. एवढ्या वेळात ती एक गोष्ट मोजून येऊ शकते, आणि वाचणाऱ्याला तेवढंच अपेक्षित असतं.

घरच्या परिस्थितीबद्दल. बाग या परिच्छेदात आली ती प्रश्नाचं मूळ म्हणून. मजुरी परवडत नाही हेही आलं, कारण पाला खाली राहण्याचं ते खरं कारण आहे. याच्या पलीकडे कर्ज, दुष्काळ, पहिल्या पिढीची पदवी हे सगळं खरं असलं तरी त्यासाठी बहुतेक फॉर्ममध्ये वेगळा रकाना असतो; तिथे दोन ओळीत, सरळ सांगायचं. मराठी माध्यमाबद्दल माफी मागणारं वाक्य कुठेच नको. मला दरवर्षी अशी वाक्यं दिसतात आणि दरवर्षी वाईट वाटतं.

हे वाचणारी सगळी मुलं काही मायक्रोबायोलॉजीची नसतील, म्हणून थोडं इतरांसाठी.

संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटरची मुलं हटकून "डेटा सायन्स आणि मशीन लर्निंग" लिहितात. सोलापूरच्या पोराला उन्हाळ्यात पेपरात काय दिसतं? "उजनी मायनसमध्ये". धरणात पाणी आहे आणि तरी साठा उणे, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृत, म्हणजे तळाचा, उपयुक्त न धरलेला साठा. टक्के मोजतात ते वरच्या ५३-५४ टीएमसीच्या उपयुक्त साठ्याचे, त्यामुळे पाणी मृत साठ्यात उतरलं की आकडा उणे होतो. आता धरणाच्या पातळीचे आणि सोडलेल्या पाण्याचे रोजचे आकडे घेऊन बसलास तर प्रश्न आपोआप पडतो: एप्रिल-मे महिन्यांत रोज जी घट होते त्यातली कालव्याने, नदीने, उपशाने किती आणि नुसत्या बाष्पीभवनाने किती? उथळ, पसरट जलाशय आणि आपलं ४२-४३ अंशांचं ऊन. बाष्पीभवनाचा वाटा लहान असणार नाही. या प्रश्नाला मशीन लर्निंग लागतं का? बहुतेक नाही, आधी वजाबाकी लागते. पण "उजनीच्या रोजच्या घटीचा हिशोब जुळत नाही तो कुठे जातो" असं लिहिणारा मुलगा मला हवाय. मशीन लर्निंग त्याला तिथे शिकवतील.

रसायनशास्त्र आणि आमच्याही विषयात सोलापुरातून येणारा ठरलेला विषय म्हणजे रंगाचं सांडपाणी. चादरी-टॉवेलचं गाव, डाय हाउसं आहेत, तेव्हा ते साहजिकच आहे. आविष्कारच्या पोस्टरांत दरवर्षी "अमुक जिवाणूने रंगाचं ९० टक्के विरंजन केलं" असं काहीतरी असतंच. मी प्रत्येकाला एकच विचारते: रंग गेला, मग विष गेलं का? अ‍ॅझो रंगातला नायट्रोजन-नायट्रोजन दुहेरी बंध तुटला की पाणी स्वच्छ दिसतं, पण तुटून बनलेले अ‍ॅरोमॅटिक अमाइन काही वेळा मूळ रंगापेक्षा घातक असतात. ज्या मुलीने त्या रंगहीन पाण्यात मूग भिजत घातले आणि मोड किती लांब आले ते मोजलं, तिचं पोस्टर बाकीच्यांपेक्षा पुढचं. तिला महागडं यंत्र लागलं नाही. परिचयात हे आलं पाहिजे: "विरंजनानंतर पाण्याची विषारीता मोजायला कुणी थांबत नाही, मला तिथे थांबायचंय."

कला शाखेच्या मुलांना वाटतं हे सगळं सायन्सवाल्यांचं. आविष्कारच्या सहा गटांत मानव्यविद्या, भाषा आणि ललितकला हा स्वतंत्र गट आहे, आणि माझ्या मते सोलापुरात त्या गटासाठी जेवढं साहित्य घराघरांत पडलंय तेवढं आमच्यासाठी प्रयोगशाळेत नाही. सोलापूरचा १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे सगळे लिहितात, लिहावेतच. पण शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, आजी बिड्या वळणारी मुलगी "मला स्त्रीवाद आणि असंघटित कामगार या विषयांत रस आहे" असं लिहून थांबते तेव्हा मला राहवत नाही. आजी हजार बिड्यांमागे मजुरी घेते. कारखान्यात बिड्या दिल्यावर काही छाट म्हणून बाजूला काढतात. छाट कोण ठरवतं, कशावरून, आजी त्यावर वाद घालते का, आणि घालते तेव्हा कुठल्या भाषेत? घरात तेलुगू, गल्लीत मराठी, कारखान्यातल्या मोजणीला कुठली? एवढा प्रश्न घेऊन आलेल्या मुलीला कुठलाही समाजशास्त्राचा विभाग दारातून परत पाठवणार नाही. तिला ध्वनिमुद्रण करायच्या आधी आजीची आणि शेजारणींची परवानगी कशी घ्यायची, नावं कशी बदलायची, हे शिकावं लागेल, आणि "ते मला शिकायचं आहे" हेच तिच्या परिचयाचं शेवटचं वाक्य.

परत तुझ्या अर्जाकडे. तीन विज्ञान अकादमी मिळून चालवतात त्या उन्हाळी फेलोशिपला किंवा आयसर, टीआयएफआर, जेएनसीएएसआरसारख्या संस्थांच्या उन्हाळी कार्यक्रमांना अर्ज करताना कुणाकडे काम करायला आवडेल हे बऱ्याच ठिकाणी विचारतात. तिथे नावाजलेली नावं टाकायची पद्धत आहे. त्याऐवजी ज्यांच्या प्रयोगशाळेत वनस्पतींचे जिवाणू हाताळले जातात असं कुणी शोध. त्यांच्या अलीकडच्या दोन लेखांचा सारांश वाच. पूर्ण लेख कळणार नाही, सारांश दोनदा वाचला की कळतो. त्यातली एक नेमकी गोष्ट तुझ्या परिच्छेदाशी जोडता आली तर एका वाक्यात जोड. जमली नाही तर ओढूनताणून जोडू नकोस, लगेच दिसतं. थेट मेल करणार असशील तर एकेकाला वेगळा मेल. एकच मजकूर पन्नास जणांना गेलेला असला की वरून कळतो, आणि बाईंना 'रिस्पेक्टेड सर' लिहिलेले मेल तर आम्ही एकमेकींना दाखवतो.

इंग्रजीची काळजी फार करू नकोस. वर दिलेला मराठी परिच्छेद जसा छोट्या वाक्यांचा आहे तसंच इंग्रजी लिही. एका वाक्यात एक क्रियापद. शब्दकोशातून मोठा शब्द काढावासा वाटला की समजायचं, आपल्याला काय म्हणायचंय तेच अजून ठरलेलं नाही. शेतीचे शब्द अडले, पानगळ, ताण, बहार, तर मूळ शब्द रोमन लिपीत लिहून पुढे चार शब्दांत समजावून सांग. डाळिंबावर काम करणाऱ्याला ते ओळखीचेच असतात.

मुलाखत असली तर "स्वतःबद्दल सांगा" हा पहिला प्रश्न ठरलेला. तिथे जन्मगावापासून सुरू करायची गरज नाही. नाव, वर्ग, आणि लगेच "आमच्या बागेत मी असं पाहिलं". एका मिनिटात प्रश्नापर्यंत पोचायचं आणि थांबायचं. आपली मुलं थांबत नाहीत. शांतता झाली की घाबरून छंद सांगायला लागतात. समोरच्याला विचारायला जागा दे. सुरुवातीची दोन वाक्यं आरशासमोर नको, मैत्रिणीसमोर म्हणून बघ, आणि ती मैत्रीण दुसऱ्या विषयाची असली तर उत्तम. तिने काही विचारलं तर परिचय जमलाय. नुसतं "छान आहे गं" म्हणाली तर परत लिहायला बस.

शिफारसपत्र. मुलं विभागप्रमुखांकडे किंवा प्राचार्यांकडे जातात, कारण सही मोठी. तुला प्रॅक्टिकलला ज्या शिक्षकांनी प्रत्यक्ष काम करताना पाहिलंय त्यांच्याकडे जा, मग ते कंत्राटी असोत की सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. "ही मुलगी कॉन्टॅमिनेशन झालेली प्लेट लपवत नाही, घेऊन येऊन विचारते" असं एक वाक्य प्राचार्यांच्या चार गोड ओळींपेक्षा कामाचं. त्यांना निदान दोन आठवडे आधी सांग, आणि सोबत तुझा हा परिच्छेद दे, म्हणजे दोन्हीकडे एकच गोष्ट येते.

निवड नाही झाली तरी परिच्छेद फेकू नकोस. आविष्कारला तोच विषय चालतो, आणि नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घ्यायचं तर तिथेही हेच विचारतात. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के लागतात, ते आत्ताच बघून ठेव.

आणि निवड झाली तर घरी काय सांगायचं, हे तू विचारलेलं नाहीस, पण आमच्याकडच्या मुली तिथेच अडतात. दोन महिने बेंगळुरू किंवा पुणे, आणि तेही उन्हाळ्यात. निवडीचं पत्र आलं की त्यात मानधन, राहण्याची व्यवस्था, कुणाच्या हाताखाली काम हे काय काय लिहिलंय ते वडिलांना मराठीत वाचून दाखव, आणि तुझ्या एखाद्या मॅडमना घरी फोन करायला सांग. आम्ही ते फोन नेहमी करतो. दुसरी अडचण तारखांची. आपल्या विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा कधी कधी मे महिन्यात लांबतात आणि फेलोशिपची सुरुवात त्याच सुमारास येते. अर्जात 'कधीपासून येऊ शकाल' हा रकाना असेल तर परीक्षा विभागातून अंदाज घेऊन भर, आणि वेळापत्रक जाहीर झाल्याबरोबर त्या शास्त्रज्ञांना दोन ओळींचा मेल टाक. आठवडाभर उशिरा येते म्हटलं तर बहुतेक जण हो म्हणतात, फक्त ते आधी कळवलेलं असावं लागतं.